'वापामा': लाकूड वाहणारं लाकडी स्टीम स्कूनर, मॉडेल करताना अडलोय

पटाशी यांनी विचारलं:

नमस्कार मंडळी. मी जहाजांची मॉडेलं करतो. तयार किटवरून नाही, मूळ ड्रॉइंग घेऊन लाकडात. आजवर सगळी शिडाचीच केली, या खेपेला वाफेचं घ्यावं म्हटलं आणि 'वापामा'वर जीव जडला.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर इमारती लाकूड वाहणारी स्टीम स्कूनर नावाची वाफेवर चालणारी लाकडी जहाजं होती. सव्वादोनशेच्या आसपास झाली असावीत. त्यातलं शेवटपर्यंत टिकलेलं हे एक. ऑरेगनमध्ये कोलंबिया नदीकाठच्या सेंट हेलेन्सला १९१५ साली बांधलं, चार्ल्स मॅककॉर्मिक यांच्या कंपनीसाठी. लांबी सुमारे २०५ फूट, रुंदी ४० फूट, ९५१ ग्रॉस टन. ट्रिपल एक्स्पान्शन (वाफ तीन टप्प्यांत वापरणारं) इंजिन मागच्या बाजूला. लाकडाबरोबर चाळीसेक प्रवासीही न्यायचं. मी १:९६ ला करतोय, म्हणजे हल (जहाजाचा सांगाडा-अंग) साधारण ६५ सेंटिमीटर. तो झाला, मागची केबिनही उभी राहिली.

आता अडलोय ते असं. पुढच्या फोकसलपासून (नाळेजवळच्या उंच भागापासून) मागच्या घरापर्यंत नुसता उघडा डेक आहे. हॅच (माल आत सोडायचं तोंड), विंच (माल उचलायचं दोराचं यंत्र), आणि मोकळ्या फळ्या. मॉडेल बघणारा प्रत्येक जण विचारतो, "अजून बाकी आहे ना काम?" ड्रॉइंगमध्ये तरी एवढंच आहे. मग या डेकवर लाकूड रचलेलं दाखवायचं का, आणि किती उंच? जुन्या फोटोंत इतकं उंच दिसतं की खोटं वाटावं.

दुसरं, एका फोटोत असंच जहाज कड्याखाली उभं आहे आणि वरून एक तार थेट त्याच्यावर उतरलीय. धक्का नाही, काही नाही. ती तार मला दाखवायचीय. जहाजावर ती कुठे बांधत?

तिसरं केवळ कुतूहल. १९१५ म्हणजे पोलादी जहाजांना कित्येक दशकं झालेली. तरी नवं जहाज लाकडाचं का बांधलं?

जुना मेट यांचं उत्तर:

पटाशी, ड्रॉइंगमध्ये काही राहिलेलं नाही. ते रिकाम्या जहाजाचं ड्रॉइंग आहे, आणि हे जहाज रिकामं असताना अर्धंच दिसतं.

मी टिंबर कॅरिअरवर, म्हणजे लाकूड वाहणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर म्हणजेच मेट होतो. याच कोलंबिया नदीत, लाँगव्ह्यूला ओंडके भरायला जायचो; तुमचं सेंट हेलेन्स तिथून थोडं वर. त्यामुळे डेकवरचं लाकूड म्हटलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. चला, हिशेब करू.

ग्रॉस टन म्हणजे वजन नव्हे. शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. ९५१ टन म्हणजे ९५ हजार घनफूट, आणि त्यात इंजिनरूम, बॉयलर, प्रवाशांच्या केबिनी, सगळं आलं. आता हे जहाज एका खेपेला साधारण दहा लाख बोर्ड फूट लाकूड न्यायचं. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड असा एक बोर्ड फूट. बारा झाले की एक घनफूट. भागा: ८३ हजार घनफूट नुसतं लाकूड, रचताना राहणाऱ्या फटी वेगळ्या. सांगा, हे पोटात मावेल? निम्म्याच्या आसपास माल डेकवरच जायचा. म्हणून इंजिन मागे, घर मागे, आणि पुढचा डेक तुम्हाला उघडाबोडका वाटतो तसा. ती माल ठेवायची जागा आहे. तिला वरून झाकण नाही एवढंच.

उंचीही काढू. तुमच्या ड्रॉइंगवर मोकळ्या डेकची लांबी मोजा. समजा ११० फूट भरली आणि रुंदी ३८ धरली, तर चार हजारांवर चौरस फूट होतात. त्यावर ४१-४२ हजार घनफूट रचायचं म्हणजे दहा फूट उंची झालीच. फोटो खोटा नाही.

आता ती तार. 'वापामा'वर तार दाखवू नका. त्याचा मुख्य धंदा नदीतल्या गिरणीच्या धक्क्यावर भरायचं आणि सॅन फ्रान्सिस्कोला, पुढे दक्षिण कॅलिफोर्नियाला उतरवायचं असा होता. तुमच्या फोटोतलं जहाज त्याच जातीचं पण लहान असणार, आणि जागा बहुधा कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोच्या किनाऱ्यावरची: ॲल्बियन, कॅस्पर, वेस्टपोर्ट, अशी नावं. तिथे रेडवुडचं जंगल समुद्राजवळ येऊन संपतं. खाली उंच कडा, मध्ये खडकांची एखादी बेचकी. तिला बंदर म्हणायला मोठं मन लागतं. तिथले लोक डॉगहोल म्हणत. गिरणी कड्यावर, जहाज खाली, आणि मधल्या अंतरात लाटा.

आधी तिथे लाकडी पन्हळ असायची. कड्यावरून खाली सोडलेली, तिचं टोक जहाजाच्या डेकवर लोंबणारं. वरून एकेक फळी सोडायची, ती घसरत यायची, आणि टोकाशी एक माणूस झडपेसारखा ब्रेक दाबून तिचा वेग मारायचा. जहाज लाटेबरोबर वर-खाली होतंय, पन्हळीचं टोक जागच्या जागी आहे, आणि वीस फुटांची ओली फळी तुमच्या दिशेने येतेय. ब्रेकवाल्याने क्षणभर उशीर केला तर खालच्याचा पाय गेला. नंतर तार आली. एक टोक कड्यावर पक्कं, दुसरं जहाजाच्या पलीकडे समुद्रात नांगरलेलं, आणि जहाज त्या तारेखाली दोरखंडांनी बोयांना (नांगरलेल्या तरंगत्या पिंपांना) बांधून धरलेलं. जागेनुसार बांधणी बदलायची. तारेवरच्या चाकाला फळ्यांची मोळी लटकवायची. उतारामुळे ती आपसूक खाली यायची, आणि वर कड्यावरचं वाफेचं इंजिन दोराने तिला आवरून धरायचं. प्रवासीही त्याच तारेवरून पेटीत बसून जहाजावर उतरायचे, तेही बाया-माणसांसकट.

नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, नेहमी समुद्राकडे. वारा फिरला की दोर सोडायचे आणि भरलं असेल तेवढ्यावर बाहेर पडायचं. हिवाळ्यात आग्नेयेकडून वादळ आलं की दक्षिणेला उघड्या असलेल्या बेचक्या म्हणजे सापळाच. उन्हाळ्यात वायव्येचा वारा, त्यात धुकं. धुक्यात कप्तान शिट्टी वाजवून कड्यावरून प्रतिध्वनी किती वेळात परत येतो ते मोजायचे. सहा सेकंद लागले तर कडा एक किलोमीटरवर. गंमत म्हणून करून बघा हे, आणि मग विचार करा की खाली दहा लाख बोर्ड फूट आहेत.

कंपासवेडा यांचं उत्तर:

मेटकाका, एक शंका. लाकूड तरंगतं. म्हणजे लाकूड भरलेलं जहाज फुटलं तरी बुडायला नको. मग डेकवर कितीही रचा, भीती कसली?

जुना मेट यांचं उत्तर:

बुडणार नाही हो, आडवं होईल.

लाकडाने भरलेलं जहाज पाण्याने भरूनही तरंगत राहिलं, असं त्या किनाऱ्यावर घडलेलं आहे. डेकवरच्या लाकडाची तरंगण्याला मदत होते हे आजचे नियमही मानतात. टिंबर कॅरिअरच्या कुशीवर भाररेषांचा वेगळा संच असतो, नेहमीच्या खुणेपेक्षा थोडं खोल भरायची मुभा देणारा. १९३० च्या लोड लाइन करारापासून आहे तो. 'वापामा' बांधलं तेव्हा यातलं काही नव्हतं. मेटचा अंदाज आणि कप्तानाचं पोट.

भीती असते ती गुरुत्वमध्य वर जाण्याची. माल जितका वर रचाल तितकं जहाज सरळ व्हायला आळस करतं. लोकांना वाटतं फार हेलकावणारं जहाज धोक्याचं. उलट आहे. झटकन उभं राहणारं जहाज जेवणाची ताटं फोडतं, पण ते सुरक्षित. सावकाश कलतं, कललेलं राहतं, जणू विचार करतं, आणि मग परत येतं, ते जहाज मेटची झोप उडवतं.

डेकवरचे शेवटचे थर भरताना मी विंचकडे बघतच नसे. रेलिंगला पोट टेकून धक्क्याची कड आणि आमची कड यांच्यातली फट बघत उभा राहायचो. स्लिंग (दोरात बांधलेली लाकडाची मोळी) उजवीकडे ठेवली, जहाज उजवीकडे कललं. ठीक. पुढची स्लिंग डावीकडे, आता ते मध्यावर यायला हवं. आलं नाही, किंवा मध्य ओलांडून दुसऱ्या कुशीवर जाऊन बसलं, की हात वर. भरणं बंद. का कललं याचं पटणारं कारण मिळेपर्यंत एक फळी चढवायची नाही. मुकादम कटकट करतो, एजंट फोनवर असतो, करू द्या. आज हा लिखित नियम आहे, पण त्या कप्तानांना तो हाडात माहीत होता.

आणि निघताना ठीक असलेलं जहाज पोहोचताना ठीक असेलच असं नाही. खाली टाकीतलं तेल जळून कमी होतं, वर लाकूड पाऊस आणि लाटा पिऊन जड होतं. दोन्ही एकाच वाईट दिशेला. हल्ली गणितात डेकवरच्या लाकडाचं वजन पाणी शोषून १० टक्के वाढेल असं धरूनच चालतात.

वखारवाला यांचं उत्तर:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाहीये, तर मी देतो. लाकडाचं का? स्वस्त म्हणून. यात रम्य काही नाही.

मॅककॉर्मिकची सेंट हेलेन्सला स्वतःची गिरणी होती, शेजारी स्वतःचं जहाजबांधणीचं आवार. लाकूड स्वतःचं, कापणं स्वतःचं, जहाज स्वतःचं, आत भरायचा मालही स्वतःचा. हा माणूस पोलाद विकत घ्यायला कशाला जाईल? त्यातून तिकडचं डग्लस फर हे लाकूड. माझं आयुष्य लाकडात गेलंय, एवढ्या लांबीचं, सरळ, गाठी नसलेलं लाकूड बघितलं की हात फिरवावासा वाटतो. कीलसाठी (तळाच्या कण्यासाठी), आतल्या अस्तराच्या जाड फळ्यांसाठी लांबच लांब नग मिळायचे, म्हणजे सांधे कमी. पोलादी जहाज बांधायला कारखाना लागतो. हे बांधायला नदीकाठ, वाफेची करवत आणि सुतार पुरत. बरेचसे हल तर इंजिनाशिवायच पाण्यात सोडत, त्यात लाकूड भरत, दुसऱ्या जहाजामागे ओढत सॅन फ्रान्सिस्कोला नेत आणि तिथे इंजिन बसवत. इंजिन घ्यायला जातानाही भाडं कमावणारं जहाज, काय व्यापारी डोकं आहे.

मागणी तर होतीच. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, मग आग लागली, आणि जवळजवळ सगळं शहर पुन्हा बांधायला निघालं. त्या फळ्या कुठून आल्या असतील?

एक गोष्ट मात्र मॉडेल करणाऱ्याला माहीत हवी. लाकडी हल कुजतो तो समुद्राच्या पाण्याने नाही, पावसाच्या. खारं पाणी लाकूड राखतं. म्हणून बांधताना फासळ्यांच्या मधल्या पोकळीत चक्क मीठ भरत. डेकची एक फट उघडी राहिली आणि गोडं पाणी आत झिरपत राहिलं, की वरून रंग ताजा आणि आत भुसा.

धुकेवाडी यांचं उत्तर:

वखारवाल्यांचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीजवळ राहतो आणि नव्वदच्या दशकात 'वापामा' सॉसालिटोला पाहिलंय. पाण्यात नाही, बार्जवर (सपाट तराफ्यावर). हल इतका कमकुवत झाला होता की १९८० च्या सुमारास त्याला उचलून बार्जवर ठेवावं लागलं, ते परत कधी तरंगलं नाही.

पटाशी, तुम्ही कुशीवरून सरळ नजर टाकून हल तपासत असाल. खऱ्या जहाजावर तशी नजर टाकली तर कड सरळ नव्हती. मध्ये उचललेली, दोन्ही टोकं खाली झुकलेली, शेपटीकडे जास्तच. काका, हे इंजिन मागे असल्यामुळे का?

त्याआधीचा प्रवास थोडक्यात: १९३० पर्यंत मॅककॉर्मिककडे, मग दुसऱ्या मालकाकडे प्रवासी आणि माल, १९३७ पासून 'टोंगास' या नावाने अलास्काला, १९४७ ला निवृत्त. भंगारात जायचं ते कॅलिफोर्निया राज्याने घेतलं, आणि १९६३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइड स्ट्रीट पिअर या धक्क्यावर लोकांना बघायला खुलं झालं. १९८४ ला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा. २०१३ ला रिचमंडला तोडलं. इंजिन वाचवलंय. तुमच्याकडची ड्रॉइंग्ज म्हणजे जहाजाचा उरलेला सगळ्यात मोठा तुकडा आहे असं समजा.

जुना मेट यांचं उत्तर:

हो, इंजिन मागे असण्याचा त्यात मोठा वाटा. कुठल्याही जहाजाचा मधला भाग रुंद, त्याला पाणी जोरात वर ढकलतं. टोकं निमुळती, त्यांना पाण्याचा आधार कमी. त्यात निमुळत्या टोकाजवळ बॉयलर आणि इंजिन नेऊन ठेवलं. भरलेलं असताना मध्ये आणि पुढे लाकडाचं वजन असतं म्हणून तोल साधतो. रिकामं असताना मागचं टोक लोंबतंच. पोलादात पत्रे एकमेकांना जखडलेले असतात. लाकडात शेकडो फळ्या, प्रत्येक सांध्यात केसभर सरकते, आणि हे केस वीस वर्षांत जमत जातात. मॉडेलमध्ये मात्र हे दाखवू नका. १९१५ चं जहाज करताय, २०१३ चं नाही.

माणसांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून जरा वेळ घेतो. या जहाजांवर कप्तानापासून खलाशापर्यंत इतके नॉर्वेजियन, स्वीड, फिन होते की किनाऱ्यावर या ताफ्याला स्कँडिनेव्हियन नेव्ही म्हणत. आणि खलाशी नुसता खलाशी नव्हता, हमालही होता. समुद्रात वॉच (पहारा) करायचा, बंदरात आला की तोच माणूस होल्डमध्ये (जहाजाच्या पोटात) उतरून फळ्या रचायचा. या धंद्यात जहाज समुद्रात थोडकं आणि मालाखाली फार, त्यामुळे त्याचा खरा घाम बंदरातच गळायचा. आमच्या वेळी धक्क्याला लागलो की धक्क्यावरची टोळी यायची आणि आम्ही देखरेख करायचो. तरी आम्ही कुरकुरायचो.

त्यांची संघटनाही लाकडावरच जन्मली. ६ मार्च १८८५, सॅन फ्रान्सिस्कोचा फॉल्सम स्ट्रीट धक्का, पगारकपातीवर चिडलेले खलाशी, आणि व्यासपीठ म्हणून फळ्यांचा ढीग. तेव्हा हे शिडाच्या जहाजांवरचे लोक होते. वाफेवाले १८९१ ला त्यांच्याशी एकत्र आले. पुढे अँड्र्यू फुरुसेथ या नॉर्वेजियन खलाशाने दोन दशकांहून जास्त पाठपुरावा केला आणि ४ मार्च १९१५ ला सीमेन्स ॲक्टवर (खलाशांच्या कायद्यावर) सही झाली, तुमचं जहाज बांधलं त्याच वर्षी. जहाज सोडून जाणाऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, आणि सुरक्षित बंदरात नऊ तासांचा दिवस ठरला. मेंडोसिनोच्या कड्याखाली लटकलेल्या जहाजावर 'सुरक्षित बंदर' हे शब्द वाचून ते लोक किती हसले असतील याची मला कल्पना करता येते.

पटाशी यांचं उत्तर:

सगळ्यांचे आभार. तार रद्द. डेकवर लाकूड नक्की. एकच विचारतो: इतकं लाकूड रचलं की मी केलेलं हॅच, विंच, सगळं झाकलं जाईल. हॅचच्या कडांवर केलेली मेहनत पाण्यात.

जुना मेट यांचं उत्तर:

मग भरणं चालू असताना दाखवा. 'वापामा'ला तेच जास्त शोभेल. डाव्या कुशीला तीन-चार थर पूर्ण, उजवीकडे अर्धे, एक स्लिंग बूमला (माल उचलायच्या दांड्याला) लटकलेली. हॅच उघडं ठेवलंत तर आतला मालही डोकावेल, पण खरं तर होल्ड भरून झाकल्याशिवाय डेकवर रचत नाहीत, तेवढं सांभाळा. विंच उघडी राहायलाच हवी, तिच्याशिवाय भरणार कसं.

तुमच्या मापात बारा इंची तुळई तीन मिलिमीटरची येईल आणि दोन इंची फळी अर्ध्या मिलिमीटरची. टोकं एका ओळीत कापू नका. फळ्या वेगवेगळ्या लांबीच्या असत, भिंतीसारखी सरळ कड कधीच येत नसे. बाहेरची कड तेवढी सरळ, ती साखळीने आवळायची असते. साखळ्या आडव्या, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत लाकडावरून, मध्ये ताण द्यायला टर्नबकल (पिळून आवळायचा स्क्रू).

वखारवाला यांचं उत्तर:

आणि फळ्यांना खरं डग्लस फर वापरायचा मोह टाळा. त्याचे तंतू ठसठशीत असतात, १:९६ ला एकेका वर्षाचं कडं चार इंच जाड दिसेल. पेअरवुड किंवा बारीक तंतूचं दुसरं काही घ्या आणि रंग द्या. ताजं कापलेलं फर गुलाबीकडे झुकणारं पिवळं असतं, उन्हात पडलं की करडं होतं. गिरणीच्या धक्क्यावरून नुकतं चढतंय म्हणताय, तर करडा रंग अजिबात नको.